प्रकल्प किती झाला? चला, आत जाऊन पाहू!
(आभासी जगातून प्रकल्पाची प्रगती : इयत्ता ५ वीच्या परसबागेचा अनुभव)



"प्रकल्प कुठपर्यंत आला?" असं वर्गात विचारलं की काय उत्तर येतं? "बाई, झालाच!" किंवा "थोडंच राहिलंय!" आता हे "थोडंच" म्हणजे नक्की किती, ते मुलाला माहीत नसतं आणि आपल्यालाही नसतं. मग शेवटच्या दोन दिवसांत धावपळ होते, अर्धं काम आईबाबा करतात आणि वहीवर मात्र मुलाचं नाव असतं. तुमच्याकडेही असंच होत असणार, खरं ना?

यात मुलांची चूक नाही. काम किती झालं हे मोजायचं कसं, हे आपण त्यांना शिकवलेलंच नसतं. आज मी तुम्हाला एक उपक्रम सांगणार आहे. आमच्या शाळेच्या परसबागेचा प्रकल्प आम्ही ठोकळ्यांच्या आभासी जगात मांडला आणि काम किती झालं ते त्या जगात चालून पाहिलं. यात मी एक मोठी चूकही केली. तीही सांगणार आहे, कारण खरा धडा मला तिथेच मिळाला.

आभासी जग म्हणजे काय?

आभासी जग म्हणजे संगणकातली अशी जागा, जिथे आपण चालू शकतो, वस्तू ठेवू शकतो, काढू शकतो आणि इतरांसोबत एकाच वेळी काम करू शकतो. मुलांना 'माइनक्राफ्ट' हे नाव माहीत असतं. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा हा खेळ. त्यात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं आणि एक ठोकळा एक मीटर लांब, रुंद आणि उंच मानलेला असतो. शाळांसाठी त्याची वेगळी शैक्षणिक आवृत्ती २०१६ मध्ये आली. ती चांगली आहे, पण तिला परवाना आणि शाळेचं खातं लागतं.

आमच्यासारख्या शाळांसाठी 'लुआंटी' हा सोपा पर्याय आहे. याचं आधीचं नाव 'माइनटेस्ट', २०२४ मध्ये ते बदललं. हे मोफत आणि मुक्त स्रोत आहे, साध्या संगणकावर चालतं, अँड्रॉइड मोबाईलवरही चालतं. सुरुवातीला एकदा इंटरनेट लावून त्याच्या आतूनच एखादा 'गेम' उतरवून घ्यावा लागतो. नंतर इंटरनेटची गरज नाही. एका संगणकावर जग सुरू करायचं, बाकीचे त्याच वायफायवरून त्यात येतात. बाहेरचं अनोळखी कुणी आत येण्याचा प्रश्नच नाही. पालकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

हे फक्त खेळापुरतं आहे का?

अजिबात नाही. संयुक्त राष्ट्रांची शहरांविषयी काम करणारी संस्था यूएन-हॅबिटॅट आणि मोजांग यांनी २०१२ मध्ये 'ब्लॉक बाय ब्लॉक' नावाचा उपक्रम सुरू केला. वस्तीतली मोकळी जागा, मैदान, बाग सुधारायची असेल तर आधी ती जागा जशी आहे तशी माइनक्राफ्टमध्ये उभी करतात. मग तिथले रहिवासी छोट्या गटांत बसून त्यात बदल करतात. इथे दिवा हवा, इथे बाक हवा, इथून वाट हवी. नंतर प्रत्येक गट आपली मांडणी अधिकाऱ्यांना समजावून सांगतो. नेपाळ, केनिया, हैती अशा अनेक देशांत हे झालं आहे.

यातून मला एक गोष्ट पटली. इंजिनिअरचा नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, पण ठोकळ्यांच्या जागेत उभं राहून "इथे अंधार आहे" हे कुणीही सांगू शकतं. आमच्या पाचवीच्या मुलांचंही तसंच आहे. त्यांना तक्ता वाचायचा कंटाळा येतो, जागा मात्र लगेच कळते.

कामाची प्रगती डोळ्यांना दिसावी ही कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेतल्या हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता शंभर वर्षांपूर्वीपासून वापरात आहे. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात 'कानबान' म्हणजे चिठ्ठ्यांची पद्धत आली. आपण फलकावर "करायचं – चालू – झालं" असे तीन रकाने करतो, ते त्याच वळणाचं. आभासी जगात फरक एवढाच, की तिथे काम आपापल्या जागेवर दिसतं. कशाच्या शेजारी काय आहे तेही दिसतं. याचा उपयोग पुढे बघाच.

आमची परसबाग : मोजमाप आणि गणित

शाळेमागची जागा १२ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरला तर वाफे नीट दाखवता येईनात. म्हणून आम्ही ठरवलं, एक ठोकळा = अर्धा मीटर. आता लांबीत २४ ठोकळे आणि रुंदीत १० ठोकळे.

इथेच मी मुलांना थांबवलं. "जागेत एकूण ठोकळे किती लागतील?" बहुतेकांनी सांगितलं, ६० च्या दुप्पट, म्हणजे १२०. मग जमिनीवर ठोकळे मांडून मोजले तर २४० भरले! बाजू अर्धी केली की एका चौरस मीटरमध्ये दोन नाही, चार चौकोन बसतात. हे फळ्यावर मी कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी मुलांनी ते स्वतः शोधलं.

कामाची वाटणी अशी झाली :

१. सहा वाफे. प्रत्येकी ३ मीटर × १ मीटर, म्हणजे ६ × २ = १२ ठोकळे. एकूण ७२ ठोकळे. तीन-तीन वाफ्यांच्या दोन रांगा.
२. पाण्याचा चर. दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यातून, पूर्ण लांबीचा, एक ठोकळा रुंद. एकूण २४ ठोकळे. पिण्याच्या नळाखाली वाया जाणारं पाणी यातून वाफ्यांना द्यायचं.
३. खताचा खड्डा. कोपऱ्यात १ मीटर × १ मीटर. ४ ठोकळे.

बेरीज करा बघू. ७२ + २४ + ४ = १००! हे ठरवून केलं नव्हतं, पण शतमान शिकवायला याहून सोपं काय मिळणार? एक ठोकळा म्हणजे एक टक्का.

मधला पट्टा दोन ठोकळे रुंद, म्हणजे एक मीटर ठेवला होता. त्यातला अर्धा मीटर चरासाठी आणि अर्धा मीटर चालायला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंगांचे नियम

लुआंटीत रंगीत लोकरीचे ठोकळे मिळतात. आम्ही जागा आखून सगळी कामं लाल ठोकळ्यांनी मांडली.

- लाल : काम सुरू नाही
- पिवळा : काम चालू आहे
- हिरवा : काम झालं

पहिल्या दोन दिवसांत काय झालं सांगू? मुलांनी सगळी बाग हिरवी करून टाकली! वर कारंजं, एक किल्ला आणि झोपाळाही बांधला. बाहेर जमिनीवर मात्र एक कुदळसुद्धा पडली नव्हती. मला हसू आलं आणि काळजीही वाटली. म्हणून आम्ही एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला :

आधी जमिनीवर, मग जगात. जमिनीवर जेवढं झालं, तेवढेच ठोकळे बदलायचे.

हा नियम नसेल तर हा सगळा उपक्रम म्हणजे नुसता खेळ होतो. कारंजं आणि किल्ला मुलांनी स्वतःच काढले. झोपाळा ठेवू द्या म्हणाले, मी तो कुंपणाबाहेर ठेवू दिला.

आठवड्याचं वेळापत्रक

३० मुलांचे पाच गट : आखणी, खोदकाम, खत, पाणी आणि नोंद. दिवाळीनंतर काम सुरू केलं.

- सोमवार ते गुरुवार : परिपाठानंतर किंवा कार्यानुभवाच्या तासाला जमिनीवर काम.
- बुधवार आणि शुक्रवार : प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी संगणकावर, फक्त २० मिनिटं. प्रतिनिधी दर वेळी बदलायचा.
- शुक्रवार : प्रोजेक्टरवर सगळा वर्ग बागेत 'फेरफटका' मारतो. नोंद गट रंग मोजून तक्ता भरतो. मग मी त्या जगाचा फोल्डर कॉपी करून नावात तारीख टाकते.

हे शेवटचं काम विसरू नका. एक तर कुणी चुकून मोडतोड केली तर जुनं जग परत मिळतं. दुसरं म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीच्या बागेत परत जाता येतं. "आपण कुठून कुठे आलो" हे मुलांना फार आवडतं. एफ १२ कळ दाबली की त्या दृश्याचं चित्रही साठवलं जातं, ते प्रकल्पवहीत चिकटवता येतं.

आता माझी चूक

चौथ्या शुक्रवारी तक्ता असा होता : हिरवे ७६, लाल २४. वाफे झाले, खड्डा झाला. चराचा एकही ठोकळा बदलला नव्हता. सलग तीन शुक्रवार तो पट्टा लालच्या लाल.

वर्गात कुजबुज सुरू झाली. "पाण्याच्या गटामुळे आपलं अडलंय." मीही त्याच प्रवाहात गेले. पाणी गटाची प्रमुख एक शांत मुलगी आहे, फार बोलत नाही. सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "बाकी सगळ्यांचं झालं, तुमचंच कसं होत नाही गं?" ती खाली मान घालून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण बोलली काही नाही.

त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटलं नाही. सोमवारी मी त्या गटाला जवळ घेऊन बसले. प्रोजेक्टर लावला, लाल पट्ट्यावर जाऊन उभी राहिले आणि प्रश्न बदलला. "का झालं नाही" असं न विचारता विचारलं, "इथे काम सुरू करायला आधी काय व्हायला हवं?"

ती मुलगी उठली. माउस हातात घेतला, मधल्या पट्ट्यात फिरली आणि म्हणाली, "बाई, इथे दोन ठोकळे आहेत. बाहेर एकच आहे."

मला कळेना. आम्ही सगळे टेप घेऊन मागे गेलो. मोजलं. पाचव्या वाफ्याजवळ मधला पट्टा एक मीटर नाही, अर्धाच मीटर उरला होता! आखणी गटाने सुतळी बांधताना खुंटी चुकीच्या खुणेवर ठोकली होती. वाफा अर्धा मीटर आत सरकला होता. खोदकाम गटाने सुतळीप्रमाणे खोदलं आणि जगात मात्र ठरलेल्या जागी हिरवे ठोकळे लावले. त्या अर्ध्या मीटरमध्ये चर काढला असता तर चालायला जागाच राहिली नसती, सगळे वाफ्यातून तुडवत गेले असते. म्हणून पाणी गट थांबला होता. त्यांनी आखणी गटाला सांगितलंही होतं, पण "जगात तर बरोबर दिसतंय" म्हणून कुणी ऐकलं नव्हतं.

आणि ती आखणी तपासून "ठीक आहे" असं कोण म्हणालं होतं? मीच. टेप न लावता, नुसतं बघून.

मंगळवारी परिपाठाच्या वेळी मी सगळ्यांसमोर त्या मुलीची माफी मागितली. सगळ्यांसमोर रागावले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच.

त्यातून बदललेल्या तीन गोष्टी

१. चौथा रंग आला, निळा. हिरवा म्हणजे "आम्ही केलं". निळा म्हणजे "दुसऱ्या गटाने टेप लावून तपासलं". स्वतःच्या कामाला स्वतः निळा ठोकळा लावायचा नाही. शिक्षकांनीही नुसतं बघून लावायचा नाही!

२. प्रगती मागे येऊ शकते, हे मुलांनी स्वीकारलं. पाचव्या वाफ्याचा अर्धा भाग चुकीच्या जागी होता. म्हणून त्याचे ६ ठोकळे हिरव्याचे पुन्हा पिवळे केले. ७६ चे ७० झाले. मुलं नाराज झाली, "बाई, आपण मागे गेलो?" मी म्हणाले, "नाही रे, आधीचे ७६ खरे नव्हते. ७० खरे आहेत." नोंद गटाने आलेखात ती उतरती रेघ तशीच ठेवली आणि खाली कारण लिहिलं. प्रकल्पवहीतलं मला सर्वांत आवडलेलं पान तेच.

३. टक्क्यांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे कळलं. ७६ टक्के ऐकायला किती छान वाटतं! पण उरलेल्या २४ टक्क्यांत पाणी होतं, आणि पाण्याशिवाय बी उगवत नाही. नुसत्या आकड्यात हे कळलं नसतं. जगात उभं राहिल्यावर सहा हिरव्या वाफ्यांच्या मधोमध तो लाल पट्टा दिसला, म्हणून प्रश्न पडला.

पुढच्या आठवड्यात वाफा सरकवला, चर निघाला, टोकांना फरशी टाकली. मेथी आणि पालक पेरला. पहिली मेथी शालेय पोषण आहारात गेली, त्या दिवशी स्वयंपाकाच्या ताईंनी मुलांना बोलावून ती निवडायला बसवलं.

मूल्यमापन कसं केलं?

जगातली बाग किती सुंदर दिसते याला गुण दिले नाहीत. मी या गोष्टी पाहिल्या :

- जगातलं आणि जमिनीवरचं माप जुळतं का?
- मूल आपल्या गटाचं काम अपूर्णांकात किंवा टक्क्यांत सांगू शकतं का? (उदा. १२ पैकी ९ ठोकळे म्हणजे तीन चतुर्थांश.)
- आपलं काम कुणावर अवलंबून आहे, हे सांगता येतं का?
- काम अडलं तर तसं बोलून दाखवतं का?

शेवटच्या मुद्द्यासाठी आम्ही 'अडलंय' अशी खूण ठेवली. काम अडलं की त्या जागी एक काळा ठोकळा उभा करायचा. जे मूल तोंडाने बोलत नाही, ते ठोकळा तरी ठेवू शकतं. काळा ठोकळा दिसला की पहिला प्रश्न "कुणामुळे?" असा नाही, "कशामुळे?" असा विचारायचा. हे मीही पाळते.

संगणकच नसेल तर?

काही हरकत नाही. चौकटीच्या वहीचं पान घ्या किंवा व्हरांड्यात खडूने चौकटी आखा आणि बाटल्यांची रंगीत झाकणं ठोकळे म्हणून वापरा. प्रमाण ठरवा, रंग ठरवा आणि "आधी जमिनीवर, मग इथे" हा नियम पाळा. आत शिरून फिरता येणार नाही, पण अर्ध्याहून अधिक फायदा यातूनही मिळेल.

पालकांसाठी दोन शब्द

मूल असा खेळ खेळत असेल तर "बंद कर ते" म्हणण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा, "हे काय बांधतोयस? किती झालं? पुढे काय करणार?" घरच्या एखाद्या कामाला ही पद्धत लावून बघा. गणपतीची आरास घ्या. टेबल किती लांब, मखर किती रुंद, समई कुठे, वायर कुठून. आधी ठोकळ्यांत मांडू द्या, मग रोज जेवढी आरास खरोखर झाली तेवढेच रंग बदलू द्या. वेळ ठरवून द्या, २० मिनिटं पुरेशी आहेत. मोबाईलवर खेळत असेल तर अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर जात नाही ना, एवढं मात्र जरूर बघा.

शेवटी...

हा उपक्रम करायला मी संगणकतज्ज्ञ नाही, साधं डी.एड. झालेली शिक्षिका आहे. निम्म्या गोष्टी मला मुलांनीच शिकवल्या. तुम्ही करणार असाल तर पहिल्याच वर्षी सगळी शाळा उभी करायला जाऊ नका. एक छोटी जागा घ्या, शंभर ठोकळ्यांत मावेल एवढी. टेप, सुतळी आणि फक्की आधी आणा, संगणक नंतर लावा.

आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसलं की एकदा बाहेर जाऊन मोजून या. जी मुलगी गप्प उभी आहे, तिला काहीतरी दिसलेलं असू शकतं.